माकडाचे काळीज : एक कथा, अनेक देश

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसभेतील भाषणाचा मजकूर)



नदीकाठच्या जांभळीवर राहणारे माकड आणि पाण्यातील मगर यांची गोष्ट आपल्या शाळांतून कोणत्या मुलाला ठाऊक नाही? माकड जांभळे टाकते, मगर ती खातो, दोघांचे सख्य जमते. पुढे मगरिणीला माकडाचे काळीज खाण्याची इच्छा होते. मगर मित्राला पाठीवर बसवून भर पाण्यात नेतो आणि तेथे खरी गोष्ट सांगून टाकतो. ‘काळीज तर मी झाडावरच ठेवून आलो’, असे म्हणून माकड त्याला माघारी फिरवते आणि झाडावर उडी घेऊन प्राण वाचवते. मुले हसतात, शिक्षक तात्पर्य सांगतात आणि तास संपतो.

वास्तविक तास येथे सुरू व्हावयास हवा. कारण ही एवढीशी गोष्ट जगातील मोठ्या प्रवाशांपैकी एक आहे. ती समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली आहे, पूर्वेकडे कोरिया व जपान या देशांत नांदली आहे, आणि जेथे गेली तेथले पाणी प्यायली आहे. निरनिराळ्या देशांच्या लोककथा वर्गात कशा आणाव्यात, हा प्रश्न अनेक शिक्षक विचारतात. त्याचे साधे उत्तर असे की, परकी कथा एकटी आणू नये. मुलांच्या ओळखीच्या कथेचा हात धरून ती यावी. आणि तिने परत जाताना वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाच्या घरची कथा बाहेर काढून जावे. या भाषणाचा विषय एवढाच आहे.

प्रथम या कथेचे कूळ पाहू. पाली जातककथांमध्ये ‘सुंसुमार जातक’ नावाची कथा आहे. तिच्यात गंगेच्या काठी राहणारे माकड म्हणजे बोधिसत्त्व. मगरिणीला त्याच्या काळजाचे डोहाळे लागतात आणि मगर त्याला पैलतीरावरच्या फळांचा लोभ दाखवून पाण्यात नेतो. माकड त्याला काठावरचे फळांनी लगडलेले उंबराचे झाड दाखवते आणि ‘ती पाहा आमची काळजे’ असे सांगते. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, या जातकात मैत्री नाही. मगर हा केवळ शिकारी आहे आणि माकड हे प्रसंगावधानी आहे.

पंचतंत्रात हीच कथा चौथ्या तंत्राची, म्हणजे ‘लब्धप्रणाश’ या भागाची, मुख्य कथा झाली. लब्धप्रणाश म्हणजे हाती आलेले गमावणे. तेथे माकडाचे नाव रक्तमुख व मगराचे करालमुख आहे, झाड जांभळीचे आहे, आणि कथेत मैत्री आली आहे. मैत्री आल्याबरोबर कथेचे वजन पालटले. जातकात प्रश्न होता, जीव कसा वाचवावा. पंचतंत्रात प्रश्न झाला, मित्राने दगा दिला तर काय. पंचतंत्राच्या आरंभी अमरशक्ती राजाचे तीन मंदबुद्धी पुत्र आणि त्यांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा विडा उचलणारा वृद्ध विष्णुशर्मा भेटतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. मंद म्हणून टाकलेल्या मुलांसाठी गोष्ट हेच साधन निवडणारा तो शिक्षक होता, ही आठवण मात्र ठेवण्यासारखी आहे.

इ. स. च्या सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रू अनुशिर्वान याच्या कारकीर्दीत बुर्झोय या वैद्याने या कथा पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्यांवरून ‘कलीला व दिम्ना’ हा अरबी ग्रंथ रचला. त्यात मगराच्या जागी कासव आले आणि जांभळीच्या जागी अंजिराचे झाड आले. अरबी वाचकाला जांभूळ कोठले ठाऊक असणार? अंजीर मात्र त्याच्या अंगणातले. कथा परक्या घरी राहावयास गेली की तेथली भाजीभाकरी खाऊ लागते, त्याचा हा पहिला दाखला.

आता आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झांजिबार बेटाकडे वळू. एडवर्ड स्टीअर या इंग्रज धर्मोपदेशकाने तेथील लोकांच्या तोंडून ऐकलेल्या स्वाहिली कथा १८७० साली प्रसिद्ध केल्या. त्यांत एक माकड आहे. ते ज्या प्रचंड झाडावर राहते त्याच्या काही फांद्या गावावर आणि काही समुद्रावर पसरल्या आहेत. खाली समुद्रात शार्क मासा आहे. शार्कच्या लहान जातींना आपल्या कोकणात मुशी किंवा मोरी म्हणतात, हे सांगितले की किनाऱ्यावरच्या मुलांना तो लगेच डोळ्यांपुढे दिसेल. माकड फळे टाकते, शार्क खातो, आणि एके दिवशी त्याला पाठीवर बसवून घरी नेऊ लागतो. वाटेत कळते की, शार्कांचा राजा आजारी असून त्याला माकडाचे हृदय हवे आहे. माकड म्हणते, ‘आम्ही माकडे बाहेर पडताना हृदय झाडावर ठेवून येतो, हे तुला ठाऊक नाही?’ पुढचे मुलेच सांगतील. विशेष असे की, काठावर परतल्यावर हे माकड शार्कला आणखी एक गोष्ट ऐकवते. ती धोब्याच्या गाढवाची आहे. सिंहाच्या तावडीतून एकदा निसटलेले ते गाढव कोल्ह्यासारख्या धूर्त प्राण्याच्या गोड बोलण्याला भुलून पुन्हा तेथेच जाते आणि प्राणाला मुकते. शेवटी सिंहाला त्याचे हृदय व कान सापडत नाहीत. ही गाढवाची गोष्ट पंचतंत्राच्या याच चौथ्या तंत्रातही आहे. पश्चिम भारत, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका यांच्यामध्ये मोसमी वाऱ्यांवर गलबतांचा व्यापार शतकानुशतके चालत आला. त्या गलबतांतून कापड, लवंगा व हस्तिदंत यांचीच ने-आण होत नव्हती.

झांजिबारहून पूर्वेकडे, कोरियात गेले म्हणजे कथेचा वेश आणखी पालटतो. तेथे माकड नाही, ससा आहे. मगर नाही, कासव आहे. समुद्रतळाशी राज्य करणाऱ्या नागराजाच्या घरी दुखणे आले असून वैद्याने सशाचे यकृत सांगितले आहे. कासव सशाला थापा देऊन पाठीवर घेते. ससा म्हणतो, ‘यकृत काढून धुऊन खडकावर वाळत घातले आहे, परत चला, म्हणजे देतो.’ या कथेचा एक अद्भुत उपयोग इतिहासात नमूद आहे. किम बुसिक याच्या देखरेखीखाली ११४५ साली पूर्ण झालेल्या ‘सामगुक सागी’ या कोरियन इतिहासग्रंथात अशी हकीकत आहे की, इ. स. ६४२ मध्ये सिल्ला राज्याचा राजपुरुष किम छुनछू मदत मागण्यासाठी गोगुर्यो राज्यात गेला असता तेथील राजाने त्याच्याकडे मुलूख मागितला आणि तो नकार देताच त्याला कैदेत टाकले. तेव्हा तेथल्याच एका सरदाराने त्याला ही ससा-कासवाची गोष्ट ऐकवली. किम छुनछू काय समजायचे ते समजला. ‘घरी गेल्यावर राजाला सांगून मुलूख देववितो’, असे त्याने कळवले आणि त्याची सुटका झाली. पुढे ६५४ साली तो सिल्लाचा राजा झाला. गोष्ट ही केवळ लहान मुलांची करमणूक आहे असे मानणाऱ्या पालकाला हा दाखला अवश्य सांगावा.

कोरियात हीच कथा ‘सुगुंगगा’ या नावाने गाऊनही सांगतात. एक गायक आणि एक ढोलवादक एवढ्यावर तासन् तास चालणाऱ्या पानसोरी नावाच्या कथागायनातील जी पाच जुनी आख्याने आज टिकून आहेत, त्यांपैकी हे एक होय. जपानात नागराजासाठी पुन्हा माकडाचेच यकृत लागते. तेथील एका प्रचलित रूपात माकडाला आणण्यासाठी जेलीफिश या जलचराला पाठवितात. तो वाटेत सगळे बोलून बसतो, माकड निसटते, आणि रिकाम्या हातांनी परतलेल्या त्या बिचाऱ्याला इतका मार बसतो की त्याच्या अंगात एकही हाड उरत नाही. जेलीफिशला हाडे का नाहीत, याचे उत्तर जपानी मुलाला असे मिळते. आपल्याकडेही ‘अमुक प्राणी असा का’ हे सांगणाऱ्या कथा घरोघर आहेत. त्या येथे आपोआप आठवतात.

एवढी सामग्री हाताशी असली की वर्गात काय करावयाचे, ते पाहू. पहिल्या दिवशी शिक्षकाने काहीच सांगू नये. माकड-मगराची गोष्ट मुलांकडून ऐकावी. एक मूल जांभळे म्हणेल, दुसरे बोरे म्हणेल. एकाच्या गोष्टीत मगर असेल, दुसऱ्याच्या गोष्टीत सुसर असेल. ‘तुझे चुकले’ असे कोणालाही म्हणू नये. फरक फळ्यावर लिहून ठेवावेत आणि घरी आजी-आजोबांना विचारून यावयास सांगावे. दुसऱ्या दिवशी झांजिबारची कथा सांगावी. आधी नकाशावर मुंबई दाखवावी आणि मग समुद्रावरून बोट फिरवीत झांजिबारपर्यंत न्यावे. तिसऱ्या दिवशी कोरियाची कथा सांगावी. चौथ्या दिवशी फळ्यावर चौकटी आखाव्यात : देश, झाड, पाण्यातला प्राणी, काठावरचा प्राणी, काय हवे होते, कोणासाठी हवे होते, शेवट काय झाला. मोठ्या इयत्तांच्या मुलांनी चौकटी भराव्यात, लहानांनी चित्रे काढावीत. एकशिक्षकी वा दोनशिक्षकी शाळेत सर्व इयत्ता एकत्र बसतात, हीच येथे सोय ठरते.

चौकटी भरल्यावर प्रश्न सुचू लागतात. कोठे हृदय मागितले आहे, कोठे यकृत मागितले आहे, असे का? येथे मराठी भाषा शिक्षकाच्या मदतीला धावते. काळीज हा आपला शब्द दोन्हींना व्यापून आहे. मटणाच्या दुकानात काळीज म्हटले म्हणजे यकृत मिळते, आणि आईचे काळीज तुटले म्हटले म्हणजे कोणी वैद्याला बोलवीत नाही. जीव नेमका शरीराच्या कोणत्या भागात राहतो, याविषयी निरनिराळ्या समाजांनी निरनिराळी कल्पना केली. या एका शब्दाच्या आधारे विज्ञानाचा आणि भाषेचा असे दोन पाठ एका तासात होतात.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पंचतंत्रातला मगर दगेखोर ठरतो. कोरियातले कासवही तेच करते. तेही थापा देऊन दुसऱ्याला मरणाकडे नेते. परंतु कोरियन परंपरेत ते धन्यासाठी परक्या मुलखात जाणारा एकनिष्ठ सेवक म्हणूनही गौरविले जाते. मग कासव चांगले की वाईट? धन्याची आज्ञा पाळावी, की निरपराध सशाचा जीव राखावा? मुलांना यावर भांडू द्यावे. एकच कृत्य एका समाजाच्या नजरेत एक आणि दुसऱ्याच्या नजरेत दुसरे दिसू शकते, हे दहा वर्षांच्या मुलाला उपदेशाने कधीही कळणार नाही. मगर आणि कासव शेजारी ठेवले की कळते. तसेच, जुन्या कथेत सारा दोष मगरिणीच्या माथी मारलेला असतो. झांजिबारच्या व कोरियाच्या कथांत मात्र राजाच्या घरचे दुखणे हे निमित्त आहे. हा फरक एखाद्या मुलीच्या ध्यानात आला तर तिला शाबासकी द्यावी, आणि कोणाच्याच ध्यानात आला नाही तर शिक्षकाने विचारावे.

काही पथ्ये सांगणे येथे अगत्याचे आहे. तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. तात्पर्य सांगितले की विचार थांबतो. परक्या कथेतील कासवाचा मगर आणि झांजिबारचे पंढरपूर करू नये. परकेपणा थोडा राहू द्यावा, कारण कुतूहलाला तोच लागतो. ‘आफ्रिकेतील एक गोष्ट’ असे म्हणून मोकळे होऊ नये. आफ्रिका हे एक गाव नव्हे. कथा झांजिबारच्या स्वाहिली बोलणाऱ्या लोकांची असेल तर तसे सांगावे. कोळी अनान्सीची कथा असेल तर ती आजच्या घाना देशातील अशांती लोकांची आहे आणि गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ती जमैका बेटात पोचली, हेही सांगावे. त्या लोकांचा रंग, पोशाख वा उच्चार यांची नक्कल करून मुलांना हसवू नये. जो शिक्षक दूरच्या माणसाची टर उडवितो, त्याच्या वर्गात जवळच्या माणसाची टर उडण्यास वेळ लागत नाही.

आणि खरा प्रश्न जवळच्या माणसाचाच आहे. मेळघाटातील शाळेत कोरकू बोलणारे मूल बसते, गडचिरोलीत गोंडी वा माडिया बोलणारे, नंदुरबारकडे भिली वा पावरी बोलणारे, पालघरकडे वारली बोलणारे. ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर फिरणारे मूल वर्षातून दोन शाळा पाहते. बंजारा तांड्यावरचे मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत दुसरी ऐकते. अशी मुले पुष्कळदा वर्गात मुकी बसतात. त्यांना बोलता येत नाही असे नव्हे. त्यांच्याजवळ जे आहे ते शाळेला हवे आहे, असे त्यांना कधी वाटलेलेच नसते. एखाद्या वेळी असे मूल धीर करून घरची गोष्ट सांगू लागते, त्याच्या तोंडून घरचा शब्द जातो, वर्ग हसतो, शिक्षकही हसतात. ते मूल पुन्हा तोंड उघडीत नाही. हजेरीपटावर त्याची उपस्थिती लागत राहते, परंतु शाळेतून ते त्याच दिवशी गेलेले असते.

झांजिबार आणि कोरिया यांची वाट ज्या वर्गाने पायाखाली घातली, त्या वर्गात हे घडणे कठीण. मगराचे कासव कसे झाले आणि जांभळाचे अंजीर कसे झाले, हे पाहिलेली मुले सहाध्यायाच्या गोष्टीत निराळा शब्द आला म्हणून हसणार नाहीत. ‘तुमच्याकडे असे आहे होय?’ म्हणून विचारतील. यास्तव पाचवा दिवस घरच्या गोष्टींचा असावा. मुलाने ती घरच्या बोलीत सांगावी. ज्याला जमेल त्याने मराठीत अर्थ सांगावा. शिक्षकाला ती बोली येत नसेल तर त्याने शब्द विचारून घ्यावेत. त्या तासापुरते मूल गुरू आणि गुरुजी विद्यार्थी झाले तर बिघडत नाही. मुलांचे शिक्षण शक्यतो त्यांच्या मातृभाषेतून व्हावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात म्हटले आहे. कायद्यातील त्या वाक्याला शाळेत पाय फुटतात ते असे.

घरच्या गोष्टीला कमी लेखण्याचे कारण नाही. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी मराठी मुलांना आपल्याच गावची वाटते. इराणमध्येही एक म्हातारी लेकीकडे जाताना लांडगा, चित्ता व सिंह यांना ‘जाड होऊन येते, मग खा’ असे सांगते आणि परतताना गडगडत्या भोपळ्यात बसते. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० साली ‘टुनटुनीर बोई’ या संग्रहात तिची बहीण शोभेल अशी कुबडी म्हातारी आणली. तेथे भोपळ्याच्या ठिकाणी लाऊ, म्हणजे दुध्या भोपळा आहे, आणि अखेर म्हातारीला तिचे कुत्रे सोडवितात. स्वयंपाकघरात चुलीपाशी सांगितलेली कथा तीन देशी मुलुखांच्या पलीकडे नातेवाईक बाळगून असते, हे पाहून मुलांना आपल्या आजीचा केवढा अभिमान वाटेल! दख्खनच्या कथांचा एक आद्य इंग्रजी संग्रह १८६८ साली लंडनला निघाला. तो मुंबईच्या गव्हर्नरची कन्या मेरी फ्रिअर हिने लिहून घेतला. परंतु सांगणारी होती ॲना लिबेराता डिसूझा ही तिच्याकडे चाकरीला असलेली आया, आणि तिने त्या ऐकल्या होत्या आपल्या आजीकडून. दुर्गा भागवत यांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून मराठीत या विषयाच्या अभ्यासाला शिस्त लावली. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढून खेड्यातल्या बायांच्या तोंडचे धन छापून ठेवले. तरी जे छापले गेले ते थोडे, आणि जे म्हाताऱ्या माणसांबरोबर जाते ते फार.

म्हणून शाळेने एक वही ठेवावी. तिच्यावर गावाचे नाव असावे. मुलाने आणलेली कथा सांगणाऱ्याच्या शब्दांतच लिहावी, ती ‘शुद्ध’ करू नये. समजावी म्हणून वाटल्यास शेजारी प्रमाण मराठीत अर्थ द्यावा. कोणाकडून ऐकली, कोणत्या बोलीत ऐकली, कोणत्या दिवशी ऐकली, याची नोंद करावी. हाती भ्रमणध्वनी असेल तर सांगणाऱ्याच्या संमतीने आवाजही टिपून ठेवावा. कथेत जातीविषयी वा बाईमाणसाविषयी बोचरे काही आले, तर ते गुपचूप खोडू नये आणि तसेच सोडूनही देऊ नये. मोठ्या मुलांबरोबर त्यावर बोलावे.

अभ्यासक्रम पुरा करावयाचा, नोंदवह्या भरावयाच्या, त्यात गोष्टींना वेळ कोठला, अशी शंका काही शिक्षक काढतील. शंका रास्त आहे. परंतु या पाच दिवसांत श्रवण, कथन, वाचन, लेखन, नकाशा, प्राणिजीवन आणि चौकटीत माहिती मांडणे एवढे सारे झाले आहे. हा अभ्यासक्रमाबाहेरचा उद्योग नव्हे. अभ्यासक्रमच निराळ्या वाटेने घरापर्यंत गेला आहे. साहित्य म्हणाल तर एक नकाशा, एक फळा आणि एक वही.

माकड बाहेर पडताना काळीज झाडावर ठेवून आले असे म्हणाले, ती त्याची युक्ती होती. आपल्या शाळांतली कित्येक मुले मात्र दररोज खरोखरच आपले काळीज घरी ठेवून शाळेत येतात. त्यांना ते बरोबर आणता यावे, एवढी जागा वर्गात करणे हे शिक्षकाच्या हाती आहे. आगामी सत्रात प्रत्येक शाळेने निदान एक कथा अशा रीतीने शिकवावी, आणि पुढच्या केंद्रसभेला येताना आपल्या गावची वही बरोबर आणावी.